फॉरमॅट मारण्याआधी

कामशेत, वडगाव, तळेगाव, लोणावळा, कुठल्याही बाजारपेठेत लॅपटॉप दुरुस्तीचं एखादं दुकान सापडतंच, आणि तिथे हमखास कानावर पडणारी मागणी एकच: "दादा, लय स्लो झालाय, फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या." जून-जुलैत तर जास्तच. प्रवेशाचे अर्ज भरायचे असतात, मोठ्या बहिणीचा लॅपटॉप धाकट्याकडे आलेला असतो, चार वर्षं साचलेलं सगळं पुसून तो कोरा करायचा असतो. संध्याकाळी लॅपटॉप घरी येतो आणि झरझर चालतो. पुढे कधीतरी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं उमटतात, 'ॲक्टिव्हेट विंडोज'. मालक पुन्हा दुकानात जातो. तिथे कुणीतरी पेन ड्राइव्हमधून एक छोटा प्रोग्रॅम चालवून ती अक्षरं घालवून देतो. विंडोज 'ओरिजिनल' नसल्याची कुणकुण लागते, पण नवीन विकत घ्यायला आठ-दहा हजार कोण घालणार, असं म्हणून विषय तिथेच संपतो.

खरं तर त्या मालकाने विंडोजचे पैसे आधीच भरलेले असतात. लॅपटॉप घेतला त्या दिवशी, त्याच्या किमतीतच. विंडोजसह विकल्या गेलेल्या लॅपटॉपचं लायसन्स त्या यंत्राला कायमचं मिळालेलं असतं. फॉरमॅट कितीही वेळा मारा, डिस्क बदला, मालक बदला, लायसन्स त्या लॅपटॉपबरोबरच राहतं. अपवाद एकच: बिलावर 'डॉस', 'फ्रीडॉस' किंवा 'उबुंटू' असं लिहिलेले, थोडे स्वस्त मिळालेले लॅपटॉप. त्यांत विंडोज कधी नव्हतंच. जुनं बिल जपून ठेवण्याचं हे एक कारण. बाकीच्यांची गत काखेत कळसा अन् गावाला वळसा अशी होते, कारण ते लायसन्स नेमकं कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ते कुठे आहे याचं उत्तर लॅपटॉपच्या वयावर अवलंबून आहे.

विंडोज एक्सपीपासून विंडोज ७ पर्यंत, म्हणजे २००१ ते साधारण २०१२ या काळात, लॅपटॉपच्या पाठीवर एक लेबल चिकटवलेलं असे. त्यावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट, एकूण पंचवीस अक्षरं, हीच प्रॉडक्ट की. आपल्या भागात हे लेबल फार टिकत नाही. मांडीवर आणि चादरीवर घासून, खालच्या पंख्याच्या गरम हवेनं आणि चार महिन्यांच्या ओलीनं शाई आधी फिकट होते आणि मग नाहीशीच होते. काही कंपन्या लेबल बॅटरीच्या खोबणीत चिकटवत, तिथे ते चांगलं राहतं. म्हणून पाठीवर काही दिसलं नाही तर बॅटरी काढून पाहावं.

अर्धवट पुसलेली की वाचायची असेल तर एक गोष्ट उपयोगी पडते. या कीमध्ये इंग्रजीची सगळी अक्षरं येतच नाहीत. एकमेकांसारखी दिसणारी किंवा मिळून एखादा शब्द तयार करणारी अक्षरं मुद्दाम गाळलेली आहेत. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नाहीत. एल, एन, एस, झेड नाहीत. शून्य, एक आणि पाच हे अंकही नाहीत. उरतात सतरा अक्षरं आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९ हे सात अंक. तेव्हा लेबलवर गोल काही दिसत असेल तर ते शून्य नाही आणि ओही नाही. तो क्यू असेल, डी असेल किंवा जी. पाच वाटतोय तो सहा, आठ किंवा तीन असणार. बी आणि आठ यांचा घोळ मात्र राहतोच, तिथे दोन्ही घालून पाहावे लागतात. मोबाईलचा टॉर्च लेबलच्या एका कडेला आडवा धरून फोटो काढला आणि तो मोठा करून पाहिला तर नुसत्या डोळ्याला न दिसणारं बरंच वाचता येतं. विंडोज ८ पासूनच्या कीमध्ये एन हे अक्षर आलं, एवढाच बदल लक्षात ठेवायचा.

विंडोज ७ च्या काळातली एक गोम अनेक जाणकारांनाही माहीत नसते. मोठ्या कंपन्या कारखान्यात प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी की टाकत बसत नसत. त्या कंपनीचे सगळे लॅपटॉप एकाच सामाईक कीवर तयार होत. लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, स्लिक नावाची एक नोंद असे. विंडोज सुरू होताना ती नोंद, कंपनीचं डिजिटल प्रमाणपत्र आणि सामाईक की या तिन्हींचा मेळ बसला की इंटरनेट नसतानाही विंडोज ॲक्टिव्हेट होई. त्यामुळे की शोधून देणारं एखादं सॉफ्टवेअर अशा लॅपटॉपवर चालवलं की ते सामाईक की दाखवतं, लेबलवरची नाही. लोक ती वहीत उतरवून घेतात आणि फॉरमॅटनंतर ती चालत नाही म्हणून हैराण होतात. आपली की ती लेबलवरचीच.

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि लेबलवरची की गेली. तेव्हापासून कारखान्यातच प्रत्येक लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये त्याची स्वतःची, जगात दुसऱ्या कुणाची नसलेली की लिहिली जाते. ती जिथे असते त्या तक्त्याचं तांत्रिक नाव एमएसडीएम. पाठीवर आता फक्त विंडोजचं चिन्ह असलेलं छोटं लेबल असतं, त्यावर की नसते. विंडोज बसवताना सेटअप ही की स्वतः वाचतं आणि आपल्याला काही विचारतही नाही. गेल्या बारा-तेरा वर्षांतला जवळपास प्रत्येक विंडोज लॅपटॉप या प्रकारात मोडतो. म्हणून 'की हरवली' ही तक्रार अशा लॅपटॉपच्या बाबतीत मुळातच उद्भवत नाही.

२९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं आणि आणखी एक पायरी वाढली. लॅपटॉप एकदा रीतसर ॲक्टिव्हेट झाला की त्याच्या हार्डवेअरवरून, मुख्यतः मदरबोर्डवरून, एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. याला डिजिटल लायसन्स म्हणतात. पुढच्या वेळी कोऱ्या डिस्कवर विंडोज बसवलं आणि इंटरनेट जोडलं की सर्व्हर ती ओळख पटवतो आणि लॅपटॉप आपोआप ॲक्टिव्हेट होतो. सातबाऱ्याची घरातली प्रत भिजली म्हणून कुणाची जमीन जात नाही, कारण मूळ नोंद दप्तरी असते, इथेही तसंच. २०१६ च्या उन्हाळ्यानंतर हे लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवण्याचीही सोय झाली.

या सोयीतूनच एक नवा गैरसमज जन्माला आला. डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या विंडोजमध्ये की शोधली तर जी दिसते ती जगभरातल्या लाखो संगणकांवर सारखीच असते, कारण ती केवळ जागा भरायला घातलेली असते. ती लिहून ठेवून काहीच हाती लागत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर 'शोकीप्लस' नावाचं फुकट साधन मिळतं. ते सध्या बसवलेली की आणि फर्मवेअरमधली मूळ की वेगवेगळ्या दाखवतं. दुसरी उतरवून घ्यावी, तीच आपली.

हे सगळं मदरबोर्डशी बांधलेलं असल्यामुळे डिस्क बदलली, रॅम वाढवली, पडदा फुटून नवा बसवला, तरी लायसन्सला धक्का लागत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र लागतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, भिंतींना पोपडे येतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. अशा हवेत चार महिने बंद राहिलेल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गंजून जाणं नवलाचं नाही. कंपनीच्या अधिकृत केंद्रातून बोर्ड बदलून घेतला तर नव्या बोर्डमध्ये योग्य ती की भरून देणं हे त्यांच्या कामाचाच भाग असतं. लॅपटॉप ताब्यात घेताना तिथेच तपासून घ्यावं. बाहेर जुना बोर्ड बसवून घेतला तर त्यात ज्या लॅपटॉपची की असेल तीच येते, आणि कधी काहीच नसतं. दुरुस्तीचा खर्च ठरवताना हा हिशेब आधी करायला हवा.

आता आवृत्तीचा मुद्दा. पुष्कळशी कामं इथेच बिघडतात. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपपैकी फार मोठा वाटा 'होम सिंगल लँग्वेज' या आवृत्तीचा आहे. ती होमपेक्षा वेगळी धरली जाते, प्रोपेक्षा तर वेगळी आहेच. की ज्या आवृत्तीची, तीच आवृत्ती बसवली तरच ती चालते. दुकानात बहुधा सरसकट 'प्रो' टाकतात, कारण सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकच पेन ड्राइव्ह तयार असतो आणि 'प्रो' म्हटलं की गिऱ्हाईकही खूश होतं. पण लॅपटॉपकडे असलेली होम सिंगल लँग्वेजची की प्रोला चालत नाही, मग क्रॅक, म्हणजे खोटं ॲक्टिव्हेशन करणारा तो पेन ड्राइव्हमधला छोटा प्रोग्रॅम, मारावा लागतो. इतक्या साध्या कारणाने एक चांगलं, रीतसर विकत घेतलेलं लायसन्स बाजूला पडतं, आणि मला याचं फार वाईट वाटतं. घरात खातेवही, पत्रं आणि ऑनलाइन वर्ग एवढ्यासाठीच लॅपटॉप वापरणाऱ्याला प्रोमधलं काहीही लागत नाही. सिंगल लँग्वेज या नावाने मराठी लिहिणाऱ्यांनी बिचकू नये. तिच्यात पडद्यावरच्या मेनूंची भाषा बदलता येत नाही, पण कीबोर्ड हवे तितके जोडता येतात. इनस्क्रिप्ट जुनाच आहे, आणि २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिकही आलं आहे.

फॉरमॅट मारण्याआधी करायच्या कामांत फोटो आणि फायली बाजूला काढणं सगळ्यांना ठाऊक असतं. तरी डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही सी ड्राइव्हवरच असतात हे पुन्हा सांगण्यासारखं आहे. 'डी ड्राइव्हला हात लावू नका' एवढं सांगून डेस्कटॉपवरचा डेटा वाचत नाही. खरी पंचाईत होते ती ज्या गोष्टी फाईल म्हणून दिसत नाहीत त्यांची.

मराठीत जुनं काम असलेल्या माणसाने सर्वांत आधी फॉन्टचा विचार करावा. पतसंस्था, ग्रामपंचायती, छापखाने, वकील, शाळा यांची कित्येक वर्षांची कागदपत्रं श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. ही दोन्ही पुण्याचीच देणगी आहे. श्रीलिपी मॉड्युलर इन्फोटेकची, आणि सी-डॅकची स्थापनाच १९८८ साली पुण्यात झाली. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. फॉरमॅटनंतर फॉन्ट नाहीसा झाला की ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा लगदा दिसतो आणि माणसाला वाटतं, फाईल खराब झाली. फाईल शाबूत असते, फॉन्ट हवा असतो. त्यामुळे आधी फॉन्टचा फोल्डर उतरवून घ्यावा, सॉफ्टवेअरची मूळ सीडी कुठे आहे ते पाहावं, आणि त्याचं डाँगल, म्हणजे यूएसबीत लावायची लायसन्सची छोटी कळ, नीट जपून ठेवावी. तिच्याशिवाय पुन्हा बसवलेलं सॉफ्टवेअर चालणार नाही.

दुकानदाराकडे टॅली असेल तर फॉरमॅटआधी त्यातूनच लायसन्स 'सरेंडर' करावं, नाहीतर टॅलीच्या हिशेबी ते जुन्या संगणकावर वापरात राहतं आणि नव्याने चालू करताना अडतं. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांची सही टोकनमध्येच असते, ती जात नाही. तिचा ड्रायव्हर मात्र पुन्हा टाकावा लागतो. लॅपटॉपबरोबर आलेला ऑफिस ज्या ईमेलवरून पहिल्यांदा चालू केला त्या मायक्रोसॉफ्ट खात्याला बांधलेला असतो. घेताना घाईत दुकानातल्याच कुणीतरी खातं उघडून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नसतो. हा पासवर्ड फॉरमॅटच्या आदल्या दिवशी शोधायचा, नंतर नाही.

आणि एन्क्रिप्शन. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून ताज्या इन्स्टॉलेशनमध्ये हे आणखी सरसकट झालं आहे. विंडोज चालू आहे तोवर जाणवत नाही. पण विंडोज बंद पडलं आणि डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावून फोटो वाचवायचे म्हटलं की अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागितली जाते. सहा-सहा अंकांचे आठ गट. ती त्या खात्यात ऑनलाइन साठवलेली असते. तीही नसेल तर फोटो परत मिळवण्याचा मार्ग नाही, कितीही पैसे मोजले तरी. प्रॉडक्ट की हरवण्यापेक्षा ही की हरवणं कितीतरी गंभीर आहे.

प्रत्यक्ष काम त्या मानानं सोपं आहे. विंडोज चालू होत असेल तर सेटिंग्जमधल्या 'रीसेट धिस पीसी'नेच बहुतेकांचं भागतं. पेन ड्राइव्हही लागत नाही, आणि सध्याची आवृत्ती मूळचीच असेल तर ती चुकण्याचा प्रश्नच येत नाही. 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर ताजं विंडोज इंटरनेटवरून येतं. विंडोज चालूच होत नसेल तर बहुतेक लॅपटॉपमध्ये कंपनीने ठेवलेला रिकव्हरीचा कप्पा असतो: एचपीला एफ ११, एसरला ऑल्ट आणि एफ १०, आसुसला एफ ९, लेनोवोच्या अनेक मॉडेलना कडेला टाचणीएवढं छिद्र, त्यात पिन दाबायची. पूर्वी कुणी पूर्ण डिस्क फॉरमॅट केली असेल तर हा कप्पा उडालेला असतो. मग दुसऱ्या संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवायचं. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. डाउनलोड पाच-सहा जीबीचा आहे. पवनानगरच्या पुढच्या किंवा आंदर मावळातल्या एखाद्या गावात मोबाईलच्या रोजच्या डेटावर तो एका दिवसात होणार नाही. तळेगावच्या किंवा लोणावळ्याच्या मित्राच्या वायफायवर करून आणलेला बरा. हे विंडोज डाउनलोड करणं फुकट आणि कायदेशीर आहे. पैसे लायसन्सचे असतात, फायलींचे नाही.

सेटअपमध्ये की विचारलीच तर 'आय डोंट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडून पुढे जायचं. या वाक्याला घाबरून कित्येकजण तिथेच थांबतात. लायसन्स लॅपटॉपकडे आहे, ते मागाहून स्वतः जुळतं. आवृत्तीची यादी आली तर तेवढी बरोबर निवडायची. विंडोज ७ चा लेबलवाला लॅपटॉप विंडोज ७ नेच पुन्हा उभा करायचा असेल तरच ती पंचवीस अक्षरं टाइप करावी लागतात. त्या लेबलवरची की विंडोज १० ला बरीच वर्षं चालत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केल्याचं जाहीर केलं. त्याआधीच जो लॅपटॉप विंडोज १० वर ॲक्टिव्हेट झाला होता त्याची नोंद सर्व्हरवर कायम आहे.

अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून पुढच्या अनेक लॅपटॉपवर सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही. यादी रिकामी. डिस्क मेली असं समजून नवी घेण्याआधी थांबावं. बहुतेकदा तिथे फक्त इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर हवा असतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घेऊन, उघडून, त्याच पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर'ने दाखवायचा. डिस्क लगेच यादीत येते. तसंच वायफायचं. विंडोज बसलं, पण वायफाय दिसत नाही आणि विंडोज ११ तर इंटरनेटशिवाय पुढे सरकायला तयार नाही, अशा वेळी अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

पावसाळ्यात मध्येच वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली तर इन्स्टॉलेशन अर्धवट राहतं. त्याने लायसन्सला काही होत नाही, पहिल्यापासून सुरू करायचं. बायोस अपडेट मात्र अशा दिवशी अजिबात करू नये. ते अर्ध्यात तुटलं तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, आणि लायसन्सची मूळ नोंद तिथेच आहे.

काम झाल्यावर तपासायला दहा सेकंद लागतात. विंडोजच्या चिन्हाचं बटण दाबून धरून आर दाबलं की छोटी चौकट येते. तीत इंग्रजीत एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच एक्सपीआर असं लिहून एंटर. 'परमनंटली ॲक्टिव्हेटेड' असं उत्तर आलं तर ठीक. घरगुती लॅपटॉपवर 'व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन' आणि पुढे एखादी तारीख दिसली तर क्रॅक मारलेला आहे असं समजावं. हा केएमएसचा प्रकार. मोठ्या कंपन्यांना शेकडो संगणकांवर एकेक की टाकणं शक्य नसतं, म्हणून त्यांच्या कार्यालयात एक सर्व्हर असतो आणि बाकीचे संगणक त्याच्याकडून ॲक्टिव्हेट होतात. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि संगणक ते अधूनमधून त्या सर्व्हरकडून वाढवून घेतात. क्रॅकचा प्रोग्रॅम लॅपटॉपच्या आतच असा खोटा सर्व्हर उभा करतो. तो कायम पाठीमागे चालत राहावा म्हणून अँटीव्हायरस बंद करायला सांगितलं जातं, आणि नेमक्या त्याच फटीतून पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम आत शिरतात. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर हा धोका पत्करणं मला बिलकूल पटत नाही. कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं ६३ ब हे कलम जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यासाठी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगतं. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं.

क्रॅक मारलेल्या लॅपटॉपवर बहुधा अपडेटही बंद करून ठेवलेली असतात. त्याची किंमत काय असते हे आपल्या घाटाखालीच दिसलं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या विषाणूने न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. हे टर्मिनल मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं. चाकण-तळेगावच्या कारखान्यांचे कंटेनर एक्सप्रेसवेने बोरघाट उतरून याच बंदराकडे जातात. विषाणू शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, आणि विंडोजमधल्या ज्या एका भोकातून तो पसरत गेला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेलं होतं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोसला मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी सांगितलं की कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले. जगभरचे संगणक आणि त्यांची खाती ओळखणाऱ्या मुख्य सर्व्हरची एकच प्रत वाचली होती, घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. पंचेचाळीस हजार लॅपटॉप-संगणक कोरे करता येतात, पुन्हा विंडोज टाकता येतं. न परतणारी गोष्ट असते ती माहिती, आणि तिची प्रत त्यांच्याकडे नशिबाने उरली होती.

राहिला जुन्या लॅपटॉपचा प्रश्न. पुष्कळदा 'स्लो' होण्याचं कारण विंडोज नसतंच, आतली जुनी फिरती हार्ड डिस्क असते. फॉरमॅटने आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. तिच्या जागी एसएसडी टाकून त्याच लायसन्सवर विंडोज बसवलं तर सात-आठ वर्षांचा लॅपटॉप खरोखर कामाचा होतो. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या लॅपटॉपवर ते जबरदस्तीने बसवता येतं, पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्रांना अपडेटची हमी देत नाही.

अशा लॅपटॉपसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटू हा चांगला मार्ग आहे. लायसन्स नको, की नको, युनिकोड मराठी पहिल्या दिवसापासून लिहिता येतं, आणि अपडेट वर्षानुवर्षं मिळत राहतात. शाळेतल्या मुलांसाठी, ब्राउझरवर चालणाऱ्या कामांसाठी तो पुरेसा आहे. पण टॅली, श्रीलिपी, डिजिटल सहीची काही टोकनं ही विंडोजसाठीच बनलेली आहेत. म्हणून आधी लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावं. डिस्कवर काहीही न लिहिता तो सुरू होतो. वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखला जातो का, रोजच्या वापरातली सरकारी संकेतस्थळं उघडतात का, हे दोन-तीन दिवस बघून मगच डिस्कला हात लावावा.